रुळांवरची सायकल: घरच्यांना घेऊन पहिल्यांदा जाताना

रेलबाईक म्हणजे वापरात नसलेल्या किंवा कमी वापरातल्या रेल्वेमार्गावर पायडल मारत चालवायची चारचाकी गाडी. लोखंडी चाकं रुळांवर बसलेली, वर दोन किंवा चार खुर्च्या, कमरेला पट्टा, पायाशी पायडल, हाताशी ब्रेक, आणि आता बऱ्याच ठिकाणी मदतीला बॅटरीवरची छोटी मोटर. हँडल मात्र नसतं. फोटो दाखवला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "मग वळवायची कशी?" वळवायचीच नाही. रूळ नेतील तिकडे जायचं.

हे एकदा नीट ध्यानात आलं की बाकीची तयारी आपोआप सुचत जाते. या गाड्या एकामागोमाग एक अशा रांगेत सुटतात. पुढच्याला ओलांडता येत नाही, मागच्याला खोळंबून ठेवता येत नाही, मधेच बाजूला घेऊन "जरा पाणी पिऊन घेऊ" म्हणता येत नाही. साध्या सायकल सहलीत जे निर्णय आपण वाटेत घेतो, ते इथे स्टेशनवरच, खरं तर घरीच घेऊन टाकावे लागतात.

हा लेख मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगच्या फेरीबद्दल आहे, कारण सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांना जमण्यासारखी ही सहल आहे आणि उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन जायला लोक अशाच जागा शोधत असतात. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्यांसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे. बाकी जपून चालवण्याच्या गोष्टी कुठेही गेलात तरी त्याच.

आधी फेरी निवडा

फोर्ट ब्रॅग हे मेंडोसिनो काउंटीतलं समुद्रकाठचं लहानसं गाव. तिथून विलिट्सपर्यंत डोंगरातून जाणारा ४० मैलांचा रेल्वेमार्ग आहे. लाकडाचे ओंडके गिरणीपर्यंत आणायला १८८५ मध्ये त्याची सुरुवात झाली, आणि रूळ विलिट्सला पोचेपर्यंत १९११ साल उजाडलं. १९२५ मध्ये या मार्गावर पेट्रोल इंजिनाचे एकेकटे डबे धावू लागले. इंजिनाचा धूर आणि आत ऊब आणणाऱ्या तेलाच्या शेगड्या यांचा मिळून असा काही दर्प यायचा की गाडी दिसण्याआधी तिचा वास पोचायचा. म्हणून लोकांनी दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंक या प्राण्यावरून तिचं नाव स्कंक ठेवलं, आणि आजही ती रेल्वे स्कंक ट्रेन म्हणूनच ओळखली जाते. मुलांना हे गाडीत सांगून ठेवा, म्हणजे स्टेशनवरचं स्कंकचं चित्र पाहून प्रश्नांची सरबत्ती होणार नाही. किंवा होईलच, पण उत्तरं तयार असतील.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पुडिंग क्रीक या ओढ्याच्या काठाने जाणारी फेरी घ्यावी. जाऊन-येऊन ७ मैल, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. गावातून निघून ग्लेन ब्लेअर या ठिकाणापर्यंत जायचं, तिथे थोडा मुक्काम, आणि त्याच वाटेने परत. पुढे का जात नाहीत, तर तिथून जवळच असलेला पहिला बोगदा ढासळलेला आहे. १८९३ मध्ये चिनी मजुरांनी खणून पुरा केलेला हा बोगदा. या डोंगरातली माती भुसभुशीत आहे आणि तो पूर्वीपासून त्रास देत आला आहे. लांब पल्ल्याची एखादी फेरी जाहिरातीत दिसली तर मोह आवरा. लहान मुलं आणि साठीपुढची माणसं बरोबर असताना पहिल्याच वेळी अर्धा दिवस खुर्चीत बांधून घेण्यात काही मजा नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. इंटरनेटवर पुडिंग क्रीक शोधलंत की समुद्राला लागून असलेल्या उंच लाकडी पुलाचे सुंदर फोटो येतात. रेलबाईक त्या पुलावरून जात नाही. तो पूल दुसऱ्याच जुन्या मार्गावरचा असून आता पायी चालणाऱ्यांसाठी आहे. तो बघायचाच असेल तर फेरीनंतर चालत जा. वेगळं तिकीट लागत नाही.

कोण कुणाशेजारी बसणार

फोर्ट ब्रॅगच्या गाड्या दोन माणसांच्या आहेत, शेजारी-शेजारी बसायच्या. चौघांच्या कुटुंबाला दोन गाड्या लागतात. यात एक साधं गणित आहे आणि ते न केल्याने ऐनवेळी स्टेशनवर वादावादी होते. प्रत्येक मुलाशेजारी एक मोठं माणूस हवं. म्हणजे आईबाबा आणि दोन मुलं असतील तर नवरा-बायको एकत्र बसणार नाहीत, हे घरून निघतानाच मान्य करा. तीन मुलं आणि दोनच मोठी माणसं असतील तर आणखी एखादं कुटुंब बरोबर घ्या.

आजी-आजोबा असतील तर त्या दोघांना एकत्र बसवण्याचा विचार मनात येतो. गोड दिसतं ते, पण मी सहसा तसं करणार नाही. दोघांपैकी एकाचे गुडघे दुखत असतील तर दुसऱ्यावर सगळा भार येतो, आणि ब्रेकच्या सूचना इंग्रजीत, वाऱ्यात, पुढून ओरडून दिल्या जातात. आजींबरोबर मुलगा किंवा सून, आजोबांबरोबर कॉलेजातली नात, अशी जोडी अधिक बरी. मोटर असल्याने ताकद फारशी लागत नाही, पण गाडीत चढताना पाय उचलून आत ठेवावा लागतो आणि खुर्ची बऱ्यापैकी खाली असते. जमिनीवर मांडी घालून बसता-उठता येणाऱ्या माणसाला काही अडचण येऊ नये. अलीकडेच शस्त्रक्रिया झालेली असेल, पाठीचं दुखणं असेल किंवा कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नका.

अगदी लहान बाळ असेल तर? इथे फोर्ट ब्रॅगचा एक मोठा फायदा आहे. त्याच रुळांवरून, त्याच काठाने, खरीखुरी आगगाडीही धावते. बाळ, आजी आणि ज्याला पायडल मारायचा कंटाळा आहे असा एखादा काका यांना आगगाडीची तिकिटं काढून द्या. दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे एक गट जाऊन येईपर्यंत दुसरा गावात फिरू शकतो. सगळ्यांनी एकाच वाहनात बसायलाच हवं असा आग्रह धरला की कुणाचीच सहल नीट होत नाही.

मुलांचं वय, उंची आणि वजनाची मर्यादा हे नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे असतात आणि बदलतातही. बुकिंगच्या पानावर ते वाचा, आणि मूल काठावर असेल तर फोन करून विचारा. पायडलपर्यंत पाय पोचत नसलेल्या मुलाने पाय नेमके कुठे ठेवायचे, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

बुकिंग

यावर फार लिहिण्यासारखं नाही. तिकीट सहसा माणशी नसून गाडीमागे असतं, त्यामुळे एकटा माणूस गेला तरी दोघांचे पैसे पडतात. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आणि लाँग वीकेंड आधीच भरतात. शक्य असेल तर सकाळच्या फेऱ्यांपैकी एखादी घ्या, पण अगदी पहिली नको. का ते पुढे धुक्याच्या भागात येईल. रद्द करण्याची मुदत पाहून ठेवा. हलक्या पावसात फेरी रद्द होत नाही असाच सहसा रिवाज असतो, तेव्हा "पाऊस आला तर पैसे परत मिळतील" या भरवशावर राहू नका.

प्रत्येकाला वेव्हर फॉर्मवर, म्हणजे जोखीम आपली आहे हे मान्य करणाऱ्या कागदावर, सही करावी लागते, मुलांच्या वतीने पालकांना. तो आदल्या रात्री ऑनलाइन भरून टाका. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर त्यांच्या प्रवासी विम्यात अशा प्रकारच्या सहली धरल्या आहेत का, हे त्याच बैठकीत पाहून घ्या.

रस्ता

या सहलीचा सगळ्यात अवघड भाग रुळांवर नाही, रस्त्यावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून फोर्ट ब्रॅग साडेतीन तासांच्या आसपास, फ्रीमाँट-सनीव्हेलकडून चारच्या वर. हायवे १०१ ने उत्तरेला जाईपर्यंत ठीक. त्यानंतर समुद्राकडे वळायला दोन वाटा आहेत. एक क्लोव्हरडेलहून १२८ नंबरचा रस्ता, बूनव्हिल आणि अँडरसन व्हॅलीतून, शेवटी नवारोच्या उंच रेडवुड झाडांच्या गर्दीतून हायवे १ ला लागणारा. दुसरी विलिट्सपर्यंत सरळ वर जाऊन २० नंबरने पश्चिमेला. दोन्ही रस्ते वळणांचे. ताम्हिणी घाटाची सवय असलेल्यांना भीती वाटणार नाही, पण मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलांच्या पोटात ढवळायला लागतं.

तेव्हा वळणं सुरू होण्याआधी मुलांचे स्क्रीन बंद करा. क्लोव्हरडेल किंवा विलिट्सला थांबून पाय मोकळे करा, पण तिथे भरपेट जेवू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी, केळं, एवढंच. तळलेलं, दुधाचं नको. आल्याची वडी, आवळा सुपारी, आणि हाताशी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. गोळी द्यायची असेल तर ती वळणं लागल्यावर देऊन उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास आधी, आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारूनच.

मला १२८ आवडतो. जास्त सुंदर आहे आणि शेवटच्या काही मैलांत झाडांच्या बोगद्यातून गेल्यासारखं वाटतं. पण त्यावर मधे मोबाइलला रेंज नसते. नकाशा आणि तिकिटाचा ई-मेल आधी उतरवून ठेवा.

एका दिवसात जाऊन-येऊन करायची ही सहल नाही. आठ तास गाडी चालवून मधे दोन तास पायडल मारायचे, वर फेरीला उशीर होईल म्हणून वळणांवर घाई करायची, यात काही शहाणपणा नाही. आदल्या संध्याकाळी पोचा, रात्री राहा, सकाळी फेरी करा.

कपडे

१०१ वर क्लोव्हरडेलच्या आसपास जुलैत ३५ अंश सेल्सियस सहज असतं. सगळे हाफ पँट आणि टी-शर्टमध्ये. तीच मंडळी फोर्ट ब्रॅगला उतरतात तेव्हा १५ अंश, वारा आणि धुकं. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्राचं धुकं सकाळी आत शिरतं आणि बऱ्याचदा दुपारच्या आसपास विरतं. दुपारीसुद्धा पारा १८ अंशांच्या आसपासच घुटमळतो. म्हणून अगदी पहिली फेरी नको म्हटलं. दमट गारव्यात खुर्च्याही ओल्या असतात.

आत टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पायडल मारताना ऊब येते तेव्हा वरचं काढता येतं. पायात पुढून बंद असलेले बूट. चप्पल, सँडल, क्रॉक्स नकोत. पायडलवरून निसटलेला पाय खाली खडीवर आणि चाकांच्या वाटेत जातो.

आणि ओढणी. हे वेगळं लिहितो कारण अमेरिकन सूचनापत्रकात ते नसतं. पायाशी फिरणारे पायडल, साखळी आणि चाकं आहेत. ओढणी, साडीचा पदर, लोंबणारी नाडी, लांब मफलर, मोकळी लांब वेणी, यातलं काहीही खाली जाऊन अडकू शकतं. आईंना एरवी साडीच सोयीची वाटत असेल, तरी त्या दिवसापुरती साधी पँट आणि अंगाबरोबरचा कुर्ता घालण्याची विनंती करा. त्यांनी ऐकलं नाही तर त्यांना आगगाडीत बसवा. यात मधला मार्ग काढू नये.

स्टेशनवर

लॉरेल स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला स्टेशन आहे. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास तरी आधी पोचा. रांगेतली जागा तुमच्यासाठी धरून ठेवता येत नाही, कारण एक गाडी सुटली नाही तर तिच्यामागच्या सगळ्या अडतात.

पहिलं काम, सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. "मला नाही आली" हे उत्तर मान्य करायचं नाही. दुसरं, खिसे रिकामे करायचे. गाडीची किल्ली चेन असलेल्या खिशात. मोबाइल गळ्यात पट्ट्याला किंवा पिशवीत बंद. टोपीला हनुवटीखाली दोरी. वाटेत काही पडलं तर ते उचलायला उतरता येत नाही. फार तर मार्गदर्शकाला सांगता येतं.

मग सूचना दिल्या जातात. भारतात विमानातल्या सूचनांकडे आपण जसं दुर्लक्ष करतो तसं इथे करू नका. हातब्रेक कुठे आहे आणि किती जोरात ओढायचा, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, थांबण्याचा इशारा कसा करायचा, मोटर कशी चालू-बंद करायची, एवढं कळलंच पाहिजे. आईबाबांना इंग्रजी उच्चार कळत नसतील तर तिथल्या तिथे मराठीत सांगा, आणि ब्रेक एकदा त्यांच्या हाताने ओढायला लावा. मुलांना तीन नियम पुरतात: पट्टा काढायचा नाही, हात-पाय बाहेर काढायचे नाहीत, गाडी हलत असताना उभं राहायचं नाही.

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले असतील, आणि आपल्याकडे अशा आजोबांची कमी नाही, तर त्यांना सांगायला एक गोष्ट: हे रूळ ४ फूट ८½ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटरचे आहेत, भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. बहुधा ते मग तुम्हालाच रेल्वेच्या तपासणी ट्रॉलीची आठवण सांगतील, ट्रॉलीमन रुळावर धावत ती ढकलायचे आणि वेग आला की टुणकन वर बसायचे. रेलबाईक त्याच कुळातली.

रुळांवर

सुरुवातीचे दोन-तीनशे मीटर जरा विचित्र वाटतात. हात हँडल शोधत राहतात. वळण आलं की शरीर आपोआप कलतं आणि गाडी स्वतःच वळून जाते. दुसरं आश्चर्य आवाजाचं. जंगलातली निःशब्द शांतता डोक्यात घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की लोखंडावर लोखंड घासतं आणि रुळांच्या सांध्यांवर खडखड होते. शेजारच्याशी बोलता येतं, मागच्या गाडीशी बोलायला ओरडावं लागतं. अगदी लहान किंवा आवाजाला बिचकणाऱ्या मुलांसाठी कानावरचं आवरण जवळ ठेवा.

लोखंडी चाकाचं लोखंडी रुळावर घर्षण फार कमी. त्यामुळे एकदा वेग आला की गाडी कमी श्रमात धावत राहते, आणि त्याच कारणाने ती लवकर थांबतही नाही. रबरी टायरची सायकल ज्या अंतरात थांबते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन ही थांबते. रूळ दवाने किंवा पावसाने ओले असतील तर आणखी पुढे. म्हणून अंतर ठेवण्याचा नियम. मोठ्या माणसांकडूनच तो जास्त मोडला जातो, कारण पुढच्या गाडीतल्या नातवंडांचा फोटो जवळून हवा असतो. फोटो थांब्यावर काढा. ब्रेक एकदम न ओढता आधीपासून हळूहळू लावत जा, आणि पुढची गाडी मंदावताना दिसली की तिचं कारण कळण्याची वाट न पाहता तुम्हीही मंदावा.

पायडल सगळ्यांनी सतत मारायला लागत नाही. दोघांनी लय जमवली की चांगलं चालतं. एक थकला तर दुसरा आणि मोटर मिळून नेतात. घाई करण्यात अर्थ नाही, कारण पुढे तशीही रांगच आहे. मुलांना शर्यत लावायची असते, तीही इथे लागत नाही. त्याऐवजी काय बघायचं ते सांगून ठेवा.

बघायला बरंच आहे. सुरुवातीला पुडिंग क्रीकचं संथ, रुंद पाणी, त्यात बदकं, काठावर एका पायावर ताटकळलेला बगळ्याच्या जातीचा मोठा निळसर पक्षी. मग दोन्ही बाजूंनी रेडवुड जवळ येतात. ही जगातली सर्वांत उंच वाढणारी झाडं, पण इथे दिसतात त्यातली बहुतेक ती प्राचीन, हजार वर्षांची नव्हेत. जुनं जंगल तोडून गिरणीत गेलं. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को कोसळलं आणि जळलं, तेव्हा शहर पुन्हा उभारायला लागलेलं लाकूड या किनाऱ्यावरूनही गेलं. ज्या रुळांवरून तुम्ही चाललात ते त्याच ओंडक्यांसाठी टाकलेले. आता जे उभं आहे ते तोडीनंतर पुन्हा उगवलेलं. रेडवुडला बुंध्यातून कोंब फुटतात, त्यामुळे मोठ्या जुन्या खुंटाभोवती पाच-सात उंच झाडं कोंडाळं करून उभी दिसतात. असं कोंडाळं पहिल्यांदा कोण ओळखतं, हा खेळ मुलांना पुरेसा गुंतवतो. ती गिरणीही २००२ मध्ये बंद पडली. लाकूड संपत आलं आणि गाव पर्यटनावर आलं, त्यातलीच ही रेलबाईक.

थांब्यावर

ग्लेन ब्लेअरला सगळे उतरतात. गाड्या उलट्या दिशेला फिरवण्याचं काम कर्मचारी करतात. मुलांना ते बघायला फार आवडतं, पण लांबून. तेवढ्या वेळात फिरा, खा, फोटो काढा.

खाणं आटोपशीर न्या. पोळीची गुंडाळी, लाडू, थर्मासमध्ये चहा. चिवडा आणि फरसाण नको; अर्धं जमिनीवर सांडतं आणि वन्य प्राण्यांना माणसाच्या खाण्याची चटक लागणं त्यांच्याच जिवावर येतं. कचरा परत आणायचा, संत्र्याच्या सालीसकट.

पायवाट सोडून झुडपात शिरू नका. तीन-तीन पानांचे झुपके असलेली चकचकीत वनस्पती दिसली तर ती पॉयझन ओक समजा. तिच्या तेलाने अंगावर दिवसेंदिवस खाजणारे फोड येतात आणि ते तेल कपड्यांवरून, बुटांवरून घरापर्यंत येतं. आजींना पानं हाताळून वास घेऊन झाड ओळखायची सवय असेल तर त्यांना आवर्जून सांगा. संध्याकाळी मुलांच्या पायांवर, केसांत गोचीड चिकटलेली नाही ना, तेही पाहा. याउलट जमिनीवर बोटभर किंवा त्याहून लांब पिवळीधमक गोगलगाय, शंखाशिवायची, दिसली तर मुलांना बोलवा. तिला बनाना स्लग म्हणतात. बघायची, हात लावायचा नाही.

परतीच्या वाटेवर सगळे थोडे गप्प असतात आणि मुलं पेंगायला लागतात. झोपणाऱ्या मुलाचे हात पट्ट्याच्या आत आहेत याकडे लक्ष ठेवा. गावाजवळ रस्ता ओलांडताना मार्गदर्शक सांगेपर्यंत पुढे जायचं नाही, समोर मोटार दिसत नसली तरी.

पूर्व किनाऱ्यावर असाल तर

एडिसन किंवा जर्सी सिटीहून साधारण दोन-अडीच तासांवर, न्यूयॉर्क राज्याच्या कॅटस्किल डोंगरात फिनिशिया नावाचं गाव आहे. तिथल्या अल्स्टर अँड डेलावेअर या जुन्या मार्गावरची प्रवासी गाडी १९५४ मध्ये बंद झाली. आता त्याच्या एका भागावर रेल एक्सप्लोरर्स ही कंपनी रेलबाईक चालवते. एसोपस क्रीक या खळाळत्या नदीच्या काठाने जाऊन-येऊन ८ मैल. इथे दोघांच्या गाड्यांबरोबर चौघांच्याही असतात, त्यामुळे बसण्याचं गणित सोपं होतं आणि लहान मुलांच्या कुटुंबाला मी याच सुचवीन. ऑक्टोबरमधल्या पानांच्या रंगांसाठी जायचं तर बुकिंग उन्हाळ्यातच करा. मोटारीचा रस्ता फोर्ट ब्रॅगच्या मानाने पोटाला फारच सौम्य.

दक्षिण कोरियातही हा प्रकार लोकप्रिय आहे; जोंगसनला कोळशाच्या जुन्या मार्गावर ७.२ किलोमीटर एकाच दिशेने जायचं आणि परत छोट्या आगगाडीने यायचं. जर्मनीत राहणाऱ्यांनी 'द्रायझिने' या नावाने शोधावं, आपल्या गावाजवळ एखादा मार्ग सापडण्याची बरीच शक्यता आहे.

भारतात परतल्यावर कुणाच्या डोक्यात यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीचे रूळ येतील. कल्पना रम्य आहे. पण स्वतः काहीतरी जोडून कुठल्याही रुळांवर उतरू नका, भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही. गवत वाढलेला मार्ग बंदच असतो असं नाही, आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं दोन्हीकडे गुन्हा आहे.

फेरीनंतर

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, फार नाही. त्या दिवशी मात्र अंग गार पडण्याआधी थोडं चाला. स्टेशनपासून ग्लास बीच लांब नाही. गावाचा कचरा १९६७ पर्यंत तिथे समुद्रात टाकत; बाटल्यांच्या काचा लाटांनी घासून गुळगुळीत खडे झाल्या. बघा, फोटो काढा, खिशात घालू नका; मुलांच्या मुठीही गाडीत बसण्याआधी उघडून पाहा. मग मेन स्ट्रीटवर काउलिक्समध्ये मशरूमचं आइस्क्रीम मिळतं. नाव ऐकून सगळे तोंड वाकडं करतात, पण कँडी कॅप जातीच्या या मशरूमला मेपलच्या पाकासारखी गोड चव असते. आधी चमच्याने चाखायला मागा.

आणि त्याच दिवशी परतायचं असेल तर दुपारी तीनच्या आत गाव सोडा. २० असो की १२८, ती वळणं उजेडात पार करायची. अंधारात हरणं रस्त्यावर येतात आणि मागच्या सीटवरचं आइस्क्रीम वर येतं.